पोराचे वर्ष, कराराचा कागद

नागलीच्या लावणीत दाभोशाच्या एका माउलीने विचारले, "साहेब, पोराला तारापूरच्या औषध कारखान्यात वर्षभर शिकायला बोलावलंय. धाडू का?"

जरूर धाडावे, पण आधी कागद पाहावा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे लेखी करार व त्याची नोंदणी हवी. दरमहा विद्यावेतन मिळते. कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर असते. मात्र वर्ष संपताच नोकरी मिळेलच, असे धरू नये.

औषधाची भुकटीही नाकातोंडात जाऊ देऊ नये. फवारणीला बांधतो तशी मुखपट्टी व हातमोजे तेथेही हवेत.

बैल घेताना आपण दात पाहतो. मग पोराचे वर्ष देताना करार पाहायला नको का?