मशीन काढू नका, कोरडं तोंड दाखवा

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत रात्री सीपॅप मशीन लावून झोपणाऱ्यांना, आणि डॉक्टरांनी ते सांगूनही अजून मन न झालेल्यांना, हे आवाहन आहे. मशीनने दात किडतात या भीतीपायी ते कपाटात ठेवू नका. ही भीती अगदीच हवेतली नाही, म्हणूनच ती नीट तपासून पाहायला हवी.

मास्कमधून दाबाने हवा देणारं हे मशीन स्लीप अ‍ॅप्निया या आजारावर देतात. त्यात झोपेत घशातली वाट पुन्हापुन्हा मिटते. श्वास 10 सेकंद किंवा त्याहून जास्त अडतो, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो. रात्रभर हेच चालू राहतं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 35 ते 65 वयाच्या पुरुषांची पाहणी केली होती. ती 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सुमारे 7.5 टक्के पुरुषांना दिवसा पेंग आणणारा हा आजार असल्याचा अंदाज निघाला. आपल्या भागात मात्र पेंगणं हे कुणाला लक्षण वाटतच नाही. कल्याणला लोकल पकडलेला माणूस दिवा येण्याआधी उभ्याउभ्या डुलू लागला, तर दोष गर्दीला आणि पहाटेच्या उठण्याला जातो. घोरण्याची तर घरात थट्टाच होते.

आता दातांकडे वळू. जेवणानंतर तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल करतात. तोंडातला पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताच्या वरच्या थरातली खनिजं विरघळू लागतात. हे आम्ल मारण्याचं आणि खनिजं परत बसवण्याचं काम लाळेचं. झोपेत लाळ मुळातच जवळजवळ थांबते. त्यात तोंड उघडं राहिलं तर उरलेली ओलही सुकते. मशीनचा संबंध इथे येतो. 1981 साली सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी हा उपचार मांडला तो नाकातून हवा देण्याचा. नाक चोंदलेलं असलं, मास्क ढिला असला किंवा जबडा खाली पडला, तर दाबाने आत गेलेली हवा तोंडावाटे निसटते आणि पहाटे जीभ टाळूला चिकटते. ही तक्रार खरी आहे.

पण ‘मशीन येईपर्यंत माझे दात ठणठणीत होते’ असं म्हणणाऱ्यांनी एक विचार करावा. घोरणाऱ्याचं तोंड मशीनच्या आधीही कित्येक वर्षं उघडंच असतं. दाढेतला खड्डा दिसू लागायला बरेच महिने, कधी वर्षं लागतात. तेव्हा मशीननंतर सापडलेली कीड मशीननेच आणली असं ठरत नाही. शिवाय या रुग्णांपैकी अनेकांना मधुमेह, रक्तदाब, आम्लपित्त यांतलं काहीतरी असतं. रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्याही तोंड कोरडं करतात. पेंग घालवायला घेतलेल्या गोड चहाचे कपही त्यात धरा. संशोधनात अ‍ॅप्निया आणि हिरड्यांचे विकार एकत्र आढळल्याचे दाखले बरेच आहेत, किडीबाबतचे दाखले त्यामानाने विरळ आहेत. मशीनच दात किडवतं, असं सिद्ध झालेलं नाही. उलट नीट बसवलेल्या मशीनने तोंड मिटून झोप लागली, तर कोरडेपणा कमीही होतो.

‘मग दातांवर बसवायचं साधन घेतो, मशीन नको,’ असंही कुणी म्हणेल. खालचा जबडा पुढे धरणारं ते साधन सौम्य आणि मध्यम आजारात उपयोगी पडतं. पण त्याला पकड द्यायला दात आणि हिरड्या मजबूत लागतात, आणि कालांतराने चाव्याची ठेवण बदलू शकते. म्हणून ते स्लीप स्टडी (झोपेची तपासणी) पाहून, दंतवैद्याकडून माप देऊन घ्यावं. घरबसल्या मागवू नये. आजार तीव्र असेल तर मशीन सोडण्याची किंमत दाढेपेक्षा मोठी आहे. वाढता रक्तदाब, हृदयाचे बिघडलेले ठोके आणि भिवंडी बायपासवर गाडी चालवताना लागलेली डुलकी, हे सगळं त्या हिशेबात येतं.

तेव्हा दुरुस्ती कोरडेपणाची करा. मशीनला हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी जोडता येते. आपली हवा दमट, मग ती कशाला, असं वाटेल. पण एसी लावलेल्या खोलीत आणि वेगाने वाहणाऱ्या हवेपुढे पावसाळ्याचा दमटपणाही पुरत नाही. मास्कचं माप तपासून घ्या, चोंदलेलं नाक कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. रात्री फ्लोराइडच्या पेस्टने दात घासा आणि नंतर पाण्याशिवाय काही घेऊ नका. घसा सुकतो म्हणून उशाशी ठेवलेल्या गोड गोळ्या तर आधी उचला. औषधं मात्र स्वतःहून बंद करू नका.

या शहरांतल्या दंतवैद्यांनाही विनंती आहे. घोरता का, आणि रात्री मशीन लावता का, हे दोन प्रश्न केसपेपरवर छापून घ्या. झिजलेल्या दाढा आणि सुकलेलं तोंड सर्वात आधी तुम्हालाच दिसतं. रुग्णांनीही दाताच्या तपासणीला जाताना गोळ्यांची यादी आणि मास्क सोबत न्यावा. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर सीएसएमटीला उतरून सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय गाठता येतं.