भिंतीवरची सर्टिफिकेटं आणि मावशींची दाढ

दातांच्या दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना नजर हमखास भिंतीवर जाते. फ्रेम केलेली सर्टिफिकेटं! अमुक वर्कशॉप, तमुक परिषद. आमच्या बचत गटातल्या एका मावशींना घेऊन गेले होते, तेव्हा मी मोजलीच. अकरा होती. मावशींची दाढ ठणकत होती. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या लिहून दिल्या. दुखणं थांबलं, पंधरा दिवसांनी पुन्हा सुरू. मावशींनी काय केलं असेल? रिकामी स्ट्रिप दाखवून मेडिकलमधून त्याच गोळ्या परत आणल्या. शेवटी दाढ काढावीच लागली.

दाढ किडून आतली नस सुजली असेल, तर गोळ्यांनी ती बरी होत नाही. रूट कॅनॉल करा, नाहीतर दाढ काढा. सूज पसरत असेल, ताप असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये डॉक्टरांसाठी हेच लिहून काढलं. मग त्या अकरा सर्टिफिकेटांमध्ये हे कुठेच आलं नसेल का?

माझी भाची डेंटिस्ट आहे. तिला विचारलं तर हसली. ‘‘अगं आत्या, आलं असणार की! रविवारी सकाळी हॉटेलात जायचं, सही करायची, लेक्चर ऐकायचं, जेवून यायचं. सीडीईचे पॉइंट्स मिळतात. सर बोलतात छानच. पण सोमवारी दवाखान्यात पेशंटची रांग असते आणि मी तीच असते.’’

पोरगी खरं बोलली. डॉक्टर आणि इतर आरोग्यसेवकांसाठीच्या अशा सभा-कार्यशाळांवरचे २१५ अभ्यास कॉक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये एकत्र तपासले. कामात फरक पडतो, पण जेमतेम सहा-सात टक्क्यांचा. ब्रिटनमध्ये डेंटिस्टला पाच वर्षांत १०० तास शिकावं लागतं. २०१८ पासून काय शिकायचं याचा आराखडा करणं आणि शिकल्यावर त्याचा काय उपयोग झाला हे लिहून ठेवणंही आलं. निदान विचार तरी करावा लागतो!

मला पटला तो स्कॉटलंडचा प्रयोग. तिथे ७९५ दंत दवाखाने निवडले. काहींना त्यांनी स्वतः किती अँटिबायोटिक्स लिहून दिली याचा आलेख पाठवला, काहींना नाही. ना हॉटेल, ना जेवण. वर्षभरात आलेख मिळालेल्यांचं प्रमाण इतरांपेक्षा ५.७ टक्क्यांनी कमी झालं (हा अहवाल २०१६ चा). आकडा लहान वाटेल, पण एका कागदाने एवढं झालं. आपल्या मुलांना प्रगतिपुस्तक दाखवतो ना, तसंच.

आपल्याकडे हे अवघड आहे. तिथे सरकारी सेवेतल्या प्रत्येक चिठ्ठीची नोंद असते, इथल्या खाजगी दवाखान्यातली चिठ्ठी मावशींच्या पिशवीत चुरगळते. १९४८ च्या जुन्या कायद्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये नॅशनल डेंटल कमिशनचा कायदा मंजूर केला. पण नुसते पॉइंट्स मोजत राहिलो, तर भिंतीवर बारावी फ्रेम लागेल, एवढंच.

परवा मावशींची दुसरी दाढ दुखायला लागली. पुन्हा गेलो. डॉक्टरांनी पेन उचललं तशी मी विचारलं, ‘‘डॉक्टर, ही गोळी नेमकी कशासाठी?’’ ते जरा चपापले. मग पेन खाली ठेवून म्हणाले, ‘‘थांबा, आधी एक्स-रे काढू.’’