वाढीव वॉरंट

मी बँकेत कारकून आहे. लोकांच्या सह्या जुळवून पाहणं हा माझा धंदा. चेकवरच्या सहीची शेवटची वेलांटी जरा आखूड पडली तरी मी भल्याभल्यांना काउंटरपाशी उभं करून पुन्हा सही करायला लावतो. अशा माणसाने निदान स्वतःची सही करताना तरी खाली काय छापलंय ते वाचावं की नाही? पण २०१७ सालच्या दसऱ्याला, मोटारीच्या दुकानात, तोंडात पेढा आणि काखेत नारळ अशा अवस्थेत मी अकरा ठिकाणी सह्या केल्या. त्यातली एकही मी माझ्या काउंटरवर पास केली नसती. त्या अकरांतली सातवी सही 'वाढीव वॉरंटी' नावाच्या कागदावर होती.

आमच्या घराण्यातली ती पहिली मोटार. आजोबांनी सायकल ठेवली, वडिलांनी स्कूटर ठेवली, आणि मी कर्ज ठेवलं. चारही चाकांखाली लिंबं मांडून झाली होती, आई हळदकुंकवाचं ताट घेऊन बॉनेटपाशी उभी होती, आणि टाय लावलेला एक गोड मुलगा मला म्हणाला, "सर, एक्स्टेंडेड वॉरंटी पण करून टाकू ना?"

हे 'करून टाकू' फार घातकी क्रियापद आहे. मराठी माणूस जे विचारपूर्वक करतो ते तो 'करतो'. जे 'करून टाकतो' त्याचा विचार तो नंतर करतो. लग्न करून टाकलं, प्लॉट घेऊन टाकला, सही करून टाकली. या सगळ्या गोष्टींचा विचार पुढे आयुष्यभर चालू राहतो.

आईला अर्धवट ऐकू गेलं. ती दचकून म्हणाली, "कसलं वॉरंट? अरे, गाडी अजून रस्त्यावर आली नाही तोवर वॉरंट?" तिला सगळे हसले. आज मागे वळून पाहताना वाटतं की त्या दुकानात त्या क्षणी शुद्धीवर असलेली ती एकटीच होती.

सौ. म्हणाली, "अहो, साडेपाच लाख घातलेच आहेत, आणखी साडेआठ हजारांनी काय होतंय?" मलाही ते पटलं. वास्तविक मी मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपये सोडवायला दोनदा पाठ फिरवून जाणारा माणूस. पण आकड्यांची एक गंमत आहे. साडेआठ हजार एकटे आले तर हत्तीएवढे दिसतात. साडेपाच लाखांच्या शेजारी उभे केले की उंदराएवढे. दुकानदाराला हे माहीत असतं. तो त्यांना शेजारीच उभे करतो. आणि कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने एक बारीकशी फुली मारून ठेवतो. त्या फुलीकडे मी आदराने पाहिलं होतं. एकाच धंद्यातली माणसं आम्ही.

उंदराचा विषय निघालाच आहे तर सांगतो. गाडीची मूळ वॉरंटी दोन वर्षांची होती. ती संपून वाढीव सुरू झाली आणि तिसऱ्या महिन्यात एका सकाळी गाडी सुरूच होईना. बॉनेट उघडलं तर आत उंदराने वायरिंग कुरतडून संसार मांडलेला. मी मात्र निर्धास्त होतो. फाइल बगलेत मारून वर्कशॉपमध्ये गेलो. तिथला माणूस म्हणाला, "सर, हे वॉरंटीत बसत नाही. बाह्य कारण." म्हटलं, "अहो, उंदीर आत होता!" पण उपयोग झाला नाही. गणपतीच्या वाहनाने माझं वाहन खाल्लं, आणि बिल मला आलं.

पुढच्या वर्षी क्लचप्लेट गेली. ती 'झीज'. मग ब्रेकचे पॅड, तेही झीज. वायपरची रबरं, झीज. बॅटरी आणि टायर यांची जबाबदारी ते बनवणाऱ्या कंपन्यांची, त्यांच्या वेगळ्या कागदाने. माझ्या लक्षात आलं की मोटारीत जे जे झिजतं ते ते वॉरंटीबाहेर, आणि जे जे सहसा झिजत नाही ते ते वॉरंटीत. खोटं बोलणार नाही, चौथ्या वर्षी एका खिडकीची मोटर गेली ती त्यांनी फुकट बदलून दिली. साडेआठ हजारांची ती काच मी अजून पाहुण्यांना खालीवर करून दाखवतो.

आता तुम्ही म्हणाल, हा हरलेला गडी डाव मोडायला निघालाय. तसं नाही. आमच्या हेडकॅशियरांची गाडी ऑटोमॅटिक. पाचव्या वर्षी तिचा गिअरबॉक्स बसला. पाऊण लाखाचं काम वाढीव वॉरंटीत फुकट झालं. तेव्हापासून ते रोज दुपारी डबा उघडताना मनःशांतीवर बोलतात. म्हणून वाढीव वॉरंटी ही मुळातच लबाडी आहे असं मी म्हणत नाही. गाडीत महागडी इलेक्ट्रॉनिक भानगड असेल, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल, टर्बो असेल, आणि ती सात-आठ वर्षं ठेवायची असेल, तर जरूर घ्या. साधी पेट्रोलची, हाताने गिअर टाकायची गाडी चार वर्षांत विकणार असाल तर पैसे आपल्याच खात्यात ठेवा.

माझं भांडण वॉरंटीशी नाही; मुहूर्ताशी आहे. वॉरंटी घ्यायची की नाही हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की हे ठरवायचं केव्हा. त्याला माझं स्पष्ट उत्तर आहे: काही झालं तरी गाडी घरी नेण्याच्या दिवशी नाही.

कारण बघा. ही एक पैज आहे. तुम्ही म्हणता गाडी बिघडेल, कंपनी म्हणते बिघडणार नाही. किती गाड्यांचं काय आणि कितव्या वर्षी बिघडतं याची वही कंपनीकडे आहे. तुमच्याकडे पेढा आहे. त्या दिवशी तुम्हाला आपल्या गाडीबद्दल फक्त तिचा रंग माहीत असतो, आणि तोही दुसरा हवा होता. उलट मूळ वॉरंटी संपत आली की तुमच्याकडेही छोटीशी वही तयार होते. गाडी किती पळते, काय कुरकुरते, वर्कशॉपवाला फोन उचलतो का, आणि मुख्य म्हणजे गाडी पुढे ठेवायची आहे का, हे सगळं तोवर कळलेलं असतं. बहुतेक कंपन्या मूळ मुदत संपण्यापूर्वी केव्हाही वाढीव वॉरंटी देतात. फक्त 'जे आधी होईल ते' हे चार शब्द विसरू नका. मारुतीने जुलै २०२४ पासून मूळ वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली. माझ्यासारखा घर ते शाखा करणारा माणूस तीन वर्षांत पंचवीस हजारांच्या पुढे जात नाही. पण वर्षाला चाळीस हजार पळणाऱ्याची मुदत अडीच वर्षांतच संपते. त्याने कॅलेंडर पाहू नये, मीटर पाहावा.

"पण नंतर महाग पडेल सर," असं तो मुलगा म्हणतो. खरंच पडतं. किती, ते मात्र तो आपण होऊन सांगत नाही. मी २०२५ साली दुसरी गाडी घेतली तेव्हा विचारलं. तोही दसराच होता, २ ऑक्टोबर. (दसरा आणि गांधीजयंती एकाच दिवशी आल्याने बँकवाल्यांची एक सुट्टी बुडाली, हे दुःख इतरांना कळायचं नाही.) लहान गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबरला २८ टक्क्यांवरून १८ वर आल्यामुळे दुकानात लग्नघराएवढी गर्दी होती. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या वर्षासाठी भाव होता १४,८००. "दिवसाला साडेतेरा रुपये सर, चहापेक्षा स्वस्त!" मी म्हटलं, "बाळा, हा चहा मला तीन वर्षांनी मिळणार आहे. पैसे मात्र तू आज मागतोस."

मी तिथेच खिशातला कॅल्क्युलेटर काढला. बी. कॉम.चा उपयोग आयुष्यात असा क्वचितच होतो. १४,८०० साडेसहा टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने ठेवले तर तीन वर्षांत १८ हजारांच्या घरात जातात. तिसऱ्या वर्षी घेतल्यास त्यांच्याच तक्त्यात भाव होता १७,३००. पुढे तक्ता बदलेल हे मान्य. पण नंतर घेण्याचा जो बागुलबुवा होता तो एवढाच. उलट हीच रक्कम गाडीच्या कर्जात घुसवली, की नऊ टक्क्यांनी पाच वर्षांत १४,८०० चे सुमारे १८,४०० भरावे लागतात. जी गोष्ट तीन वर्षांनी सुरू व्हायची तिच्यावर आज व्याज! आमची बँकसुद्धा इतकी निर्लज्ज नाही, असं मी म्हणणार होतो. पण जीभ आवरली.

जीभ का आवरली ते सांगायला हवं. कारण हा सगळा त्रागा त्या टायवाल्या मुलावर नाहीच.

आमच्या बँकेतही विमा विकतात. वरून आकडा येतो, साहेब तो टेबलाटेबलांवर वाटतात. काही वर्षांपूर्वी एक आजी मुदतठेवीचे पैसे घेऊन नवी पावती करायला आल्या. मला ओळखणाऱ्या. मी म्हटलं, "आजी, यापेक्षा चांगलं आहे, हे करून टाकू." होय, मीच म्हटलं, 'करून टाकू'. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगता म्हणजे बरंच असणार." मी फॉर्म भरला, सहीच्या जागी पेन्सिलीने बारीकशी फुली मारली, आणि कागद साहेबांकडे नेऊन दिला. वर्षाने आजी एक पत्र घेऊन आल्या. "अहो, हे पुन्हा पैसे मागतात. मागच्या वर्षी भरले होते ना?" दरवर्षी भरायचे असतात, हे कागदावर छापलेलं होतं. मी सांगितलं नव्हतं. पॉलिसी परत करायला तेव्हा पंधरा दिवसांची मुदत असे (२०२४ पासून ती तीस दिवसांची झाली आहे). तेही मी सांगितलं नव्हतं. आजी भांडल्या नाहीत. चष्मा पुसला, पत्राची नीट घडी घातली आणि गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून मी म्हणतो की घाईत सही मागणारी प्रत्येक गोष्ट, मग ती मोटारीची असो की म्हातारपणाची, आधी मागे सारावी. इंग्लंडात २००५ साली विजेच्या घरगुती वस्तूंच्या वाढीव वॉरंटीसाठी असा नियमच केला. दुकानदाराने भाव लेखी द्यायचा, तो तीस दिवस कायम ठेवायचा, आणि घेतल्यावरही पंचेचाळीस दिवसांत मन बदललं तर पैसे परत. आपल्याकडे मोटारीसाठी असं काही नाही. पण 'ही वस्तू घेतलीत तरच ती देऊ' अशी अट घालणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही गैर ठरवलं आहे. कुणी म्हणालं की वॉरंटीशिवाय गाडी मिळणार नाही, तर ते लिहून मागा. लिहून मागितल्यावर मिळते.

हेडकॅशियर म्हणतात, "पण मनःशांती, मनःशांती!" मी म्हणतो, जिच्यासाठी प्रत्येक सर्व्हिसिंगचं बिल जपावं लागतं, तारीख चुकली तर दचकून उठावं लागतं, आणि कोपऱ्यावरच्या ओळखीच्या मेकॅनिकला गाडी दाखवायचीही भीती वाटते, ती मनःशांती नव्हे, ती दुसरी नोकरी आहे. घेतलीत तर ही नोकरी इमानाने करा. आणि कागदावर खाली सही कंपनीची आहे की नुसत्या दुकानदाराची, तेवढं बघा.

तर दसऱ्याच्या त्या दिवशी मी सही केली नाही. मुलाचा चेहरा पडला. विचारलं, "महिन्याला किती करायच्या असतात?" तो म्हणाला, "वीस, सर." मी म्हटलं, "मला पाच." त्याला काही कळलं नाही, पण का कोण जाणे, तो हसला. आईने या वेळी विचारलं, "वॉरंट नाही ना?" म्हटलं, "नाही. २०२८ च्या उन्हाळ्यात ठरवू." सौ.ने ते मोबाइलवर तारखेसकट नोंदवून ठेवलं. माझ्या स्मरणशक्तीची वॉरंटी तिच्याकडे आहे.

दुसऱ्या दिवशी बँकेत एक मास्तर निवृत्तीचे पैसे घेऊन आले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. फॉर्मवर नेहमीची फुली आधीच मारलेली होती. मी ती खोडली, कागद मास्तरांच्या हातात दिला आणि म्हटलं, "घरी न्या. वाचा. मुलाला दाखवा. आठ दिवसांनी या." मास्तर आठ दिवसांनी आले आणि मुदतठेव करून गेले. साहेब त्या महिन्यात माझ्याशी बोलले नाहीत.

हल्ली माझ्या टेबलावर पेन्सिलीशेजारी एक खोडरबर असतो. तो झिजतो आहे. वॉरंटीत बसत नाही.