सेल्फची कटकट

चावी फिरवल्यावर गाडी सुरू न होता बॉनेटखालून नुसता ‘कट’ असा आवाज आला, तर त्या आवाजानेच निम्मा शोध लावून दिलेला असतो. चावीचा स्विच आणि सेल्फपर्यंतची बारीक वायर काम करते आहे, एवढे त्यातून कळते. पेट्रोल किंवा स्पार्क प्लगचा प्रश्न इथे येतच नाही, कारण इंजिन अजून फिरलेलेच नाही. तरी अशा वेळी प्लग काढून पुसायला घेणारा एखादा हौशी जाणकार बहुतेक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये भेटतोच.

आवाज करतो तो सोलेनॉइड. सेल्फच्या, म्हणजे स्टार्टर मोटरच्या, अंगावर बसवलेला हा चुंबकी स्विच दोन कामे करतो. आतला दांडा ओढून तो मोटरचे छोटे दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत बसवतो आणि त्याच झटक्यात तांब्याचे जाड संपर्क जोडून मोटरला वीज देतो. सोलेनॉइडला थोडी वीज पुरते. मोटरला मात्र शंभर-दीडशे अँपिअर लागतात, डिझेल गाडीत त्याहूनही जास्त. हेडलाइट लागतात आणि हॉर्न वाजतो म्हणून बॅटरी ठणठणीत आहे, हा समज इथेच फसतो. हॉर्नला लागते ती वीज मोटरच्या मानाने किरकोळ.

लवंगी फटाक्यांच्या माळेसारखी कटकटकट ऐकू आली तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या जोडण्या ढिल्या आहेत. सोलेनॉइड संपर्क जोडतो, मोटर वीज ओढते, त्यासरशी व्होल्टेज कोसळून सोलेनॉइड सुटतो. भार हटताच व्होल्टेज वर येते आणि तो पुन्हा ओढला जातो. सेकंदाला अनेकदा हे चालते. केबिनमधला दिवा लावून चावी फिरवली की खात्री पटते: कटकटीबरोबर दिवा मरगळला तर दोष विजेच्या पुरवठ्यात.

मात्र लगेच नवी बॅटरी आणायला धावू नये. आधी टर्मिनल पाहावे. त्यावर पांढरट-हिरवट, भुसभुशीत थर दिसतो. पावसाळ्यात आणि कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो. वरून स्वच्छ दिसणाऱ्या टर्मिनलच्या आतही गंजाचा पातळ पापुद्रा असू शकतो, म्हणून क्लॅम्प हाताने पिळून पाहावा. जरा जरी हलला तरी दोष सापडला असे समजायला हरकत नाही. बहुतेक गाड्यांत दहा नंबरचा पाना लागतो. काढताना आधी निगेटिव्ह आणि बसवताना तो शेवटी, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणग्यांचा पाऊस पडतो. खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या दातब्रशने थर घासावा, कोरडे करून क्लॅम्प आवळावा, वरून व्हॅसलीनचे बोट फिरवावे. खर्च जवळजवळ शून्य.

तेवढ्याने भागले नाही तर मल्टिमीटर. काही तास उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरीत जीव उरलेला नाही.

जंपर केबलने गाडी सुरू करताना लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळा आधी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचा बंद गाडीच्या इंजिनवरील उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते. धक्का मारून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडण्याची जुनी युक्ती हाताने गिअर टाकायच्या गाडीतच चालते, तीही पंप आणि इंजेक्शन चालवण्याइतकी वीज बॅटरीत शिल्लक असेल तर. ऑटोमॅटिक गाडीला कितीही माणसे लावली तरी ती सुरू होत नाही.

एकच ठसठशीत ‘कट’ आणि पुढे शांतता, दिवे मात्र झगझगीत, असे असेल तर संशय सेल्फवर. सोलेनॉइडचे संपर्क जळालेले असतात किंवा मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असतात. पान्याच्या मुठीने मोटरच्या अंगावर हलके ठोकले की अडकलेले कार्बन जागेवर येऊन गाडी कधीकधी सुरू होते. ती दुरुस्ती नव्हे, गॅरेज गाठण्यापुरती उसनवारी. कार्बन आणि बुश बदलून देणारे ऑटो इलेक्ट्रिशियन गावोगाव असताना पूर्ण सेल्फ बदलायची घाई नको. त्याआधी इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टीही तपासून घ्यावी. ती तुटत आली असली तरी लक्षणे हुबेहूब हीच.

गाडी पुराच्या पाण्यात बुडून निघाली असेल तर एका ‘कट’नंतर चावीला हात लावू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि पुन्हापुन्हा सेल्फ मारल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

गाडी सुरू झाली म्हणजे काम संपले असे नाही. चालू इंजिनावर बॅटरीच्या टर्मिनलवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. आकडा 12.4 वरच रेंगाळत असेल तर अल्टरनेटर, गॅरेजच्या भाषेत डायनॅमो, चार्जिंग करत नाही, आणि हजारो रुपये मोजून घातलेली नवी बॅटरीही रात्रीच्या एक-दोन फेऱ्यांत उतरते.