जुना अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा, पण दुरुस्तीच्या हिशेबासह

घरी गाणे नीट ऐकावे अशी हौस आहे, पण खिसा बेताचा आहे, अशा माणसाला दुकानदार आज बहुधा साउंडबार किंवा ब्लूटूथ स्पीकर दाखवतो. तो काही वर्षे वाजतो, मग आतला बोर्ड किंवा बॅटरी जाते आणि ‘याचा पार्ट मिळत नाही, नवा घ्या’ असे उत्तर मिळते. यापेक्षा शहाणपणाचा मार्ग आहे: चांगल्या बनावटीचा वापरलेला स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा आणि त्याला बऱ्यापैकी स्पीकरची जोडी लावावी. अट एकच. यंत्राची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च सुरुवातीपासून एकाच हिशेबात धरायला हवा. ज्याला ही अट मान्य नाही त्याने जुन्या यंत्राच्या नादी लागू नये. ज्याला मान्य आहे, त्याला मात्र तेवढ्याच पैशांत नव्या बाजारात सहसा न मिळणारी गोष्ट मिळते.

याचे पहिले कारण असे की, अ‍ॅम्प्लिफायर हे मोबाइलसारखे दोन वर्षांत शिळे होणारे यंत्र नाही. बारीक विद्युत संकेत घ्यायचा आणि स्पीकर हलवण्याइतका मोठा करून द्यायचा, हे काम सत्तरच्या दशकातच उत्तम जमू लागले होते. 1978 मध्ये बाजारात आलेला ‘नॅड 3020’ कागदावर प्रत्येक चॅनलला अवघे 20 वॅट देत असे, तरीही जगभरच्या घरांत तो नावाजला गेला. घराला लागणारी ताकद मुळातच कमी असते. साधारण 88 डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर 88 डेसिबल आवाज देतो. म्हणजे खोलीत बोलणे ऐकू येणार नाही इतका. दहा वॅटना तो 98 डेसिबलवर जातो. दिवाणखान्यासाठी 20 ते 40 खरे वॅट भरपूर झाले. ‘पीएमपीओ’च्या नावाखाली खोक्यांवर छापले गेलेले हजारो वॅटचे आकडे ऐकणाऱ्याच्या काहीच कामाचे नव्हते, पाहायचा तो आरएमएस वॅटचा आकडा. आणि जुन्या यंत्राला नवा स्रोत चालत नाही हाही गैरसमज आहे. मागच्या ‘ऑक्स’ किंवा ‘टेप’च्या जॅकला छोटा ब्लूटूथ रिसीव्हर लावला की मोबाइलवरची भैरवी त्यावर वाजते.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. अशा यंत्रात काय झिजते आणि काय झिजत नाही, हे नेमके माहीत असते. जड ट्रान्सफॉर्मर, पत्र्याची चासी आणि हीट सिंक दशकानुदशके टिकतात. झिजतात ते इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, कारण त्यांच्यातले द्रव्य सुकते. व्हॉल्यूमचे कंट्रोल, कारण त्यांच्यावर धूळ आणि ऑक्साइड साठते. आणि स्पीकरच्या वाटेवरचा रिले, कारण त्याचे संपर्कबिंदू काळवंडतात. हे सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत शोधले तर आजही मिळतात आणि साध्या सोल्डरिंगच्या डागाने बसतात. सुट्या ट्रान्झिस्टरवर उभारलेले यंत्र म्हणूनच निवडावे. सगळी ताकद ‘एसटीके’ नावाच्या एकाच तयार, बंदिस्त मॉड्यूलमधून काढणारी यंत्रेही चांगली वाजतात, पण ती मॉड्यूल जुन्या काळची आहेत आणि बाजारात नकली मालाचा सुळसुळाट आहे. तेव्हा विकत घेताना कंपनीच्या नावाआधी एक प्रश्न विचारावा: हे उद्या बिघडले तर दुरुस्त होईल का?

खरेदीच्या वेळी घाई केली की हा सगळा हिशेब कोसळतो. जुनी मोटारसायकल पाहायला जाताना आपण ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतो, तसेच इथेही करावे. जाणता कारागीर यंत्र थेट मेनला जोडत नाही. आधी 60 किंवा 100 वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये लावतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लखलखत राहिला तर आत शॉर्ट आहे. मग सुरू केल्यावर काही सेकंदांनी रिलेचा ‘टक्’ असा आवाज येतो का, ते ऐकावे. स्पीकर न जोडता आउटपुटवर मल्टिमीटर लावावा. डीसी व्होल्टेज 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर काळजी नाही, 100 च्या वर गेले तर आधी दुरुस्ती करून घ्यावी. एक चॅनल हळू आवाजात गायब होऊन मोठ्या आवाजात परत येत असेल तर बहुधा रिलेचे दुखणे असते आणि ते स्वस्तात बरे होते. सर्वांत आधी मागची पट्टी वाचावी. जपानी घरगुती मॉडेल 100 व्होल्टचे असते, अमेरिकेतून आलेले 120 चे. आपल्या 230 व्होल्टवर ते थेट लावले तर जळण्याचाच संभव, म्हणून योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर किमतीत धरावा.

निगा राखणे त्यामानाने सोपे आहे. उष्णता हा कंडेन्सरचा मोठा शत्रू. ढोबळ नियम असा की, तापमान दहा अंशांनी उतरले तर त्याचे आयुष्य दुप्पट होते. म्हणून यंत्र बंद कपाटात कोंबू नये आणि त्याच्या जाळीवर क्रोशाचा रुमाल तर अजिबात अंथरू नये. कोकणात आणि गोव्यात पावसाळाभर ते बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून तासभर चालवावे, म्हणजे आतला दमटपणा उडतो. कंट्रोल खरखरू लागला तर त्यावर गंज सोडवायचे तेल मारू नये, इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनरच वापरावा. झाकण मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये धोकादायक वीज साठलेली असू शकते.

यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. नवे ‘क्लास डी’ अ‍ॅम्प्लिफायर छोटे, स्वस्त आणि विजेला हलके असतात. जुना ‘क्लास एबी’ नुसता सुरू असतानाही तीसेक वॅट जास्त खातो. रोज चार तास धरले तर वर्षाला साधारण 44 युनिट होतात. हा खर्च खरा आहे, पण चालू यंत्र भंगारात टाकून नवे घडवण्याच्या खर्चापुढे तो मोठा नाही. ऐकून झाल्यावर बटण बंद केले की तो आटोक्यातही राहतो. दुसरा आक्षेप भावाचा. ‘विंटेज’ नावाखाली काही यंत्रांना अवास्तव किंमत मागितली जाते आणि जुन्या यंत्रात काही जादूई गोडवा असतो असे सांगितले जाते. ते मानू नये. जुने यंत्र जुने असल्यामुळे चांगले नसते. नीट घडवलेले आणि नीट दुरुस्त केलेले असेल तरच ते चांगले, आणि तेवढ्याचेच पैसे मोजावेत.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: दुरुस्त करणार कोण? ट्रान्झिस्टरपर्यंत दोष शोधणारे हात कमी होत आहेत, हे खरे. पण ते कमी झाले कारण आपण त्यांच्याकडे जाणे सोडले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि घरगुती टिकाऊ वस्तूही तिच्या कक्षेत आणल्या. तो हक्क कागदावरून बाजारात यायचा असेल तर कंपन्यांनी सर्किटचे आराखडे खुले केले पाहिजेत, सुटे भाग ठरावीक वर्षे पुरवण्याची सक्ती झाली पाहिजे आणि आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक अभ्यासक्रमात बोर्ड बदलण्यापेक्षा दोष शोधण्यावर भर हवा. ग्राहकाचे कामही स्पष्ट आहे. कारागिराने दोन तास खपून दोष शोधला तर ‘दहा रुपयांच्या पार्टचे एवढे पैसे?’ असे विचारू नये. पैसे पार्टचे नसतात, दोष ओळखणाऱ्या जाणकारीचे असतात. तिचे मोल जितकी घरे देतील, तितकीच यंत्रे आणि तितकेच कारागीर टिकतील.