आमच्या सामानाचा भार



चैत्र सरून वैशाख लागला कीं आपल्या परभणीच्या रस्त्यांवर एक दृश्य नेमानें दिसूं लागतें. टेंपोच्या पाठीवर उलटी ठेवलेली पलंगाची चौकट, तिच्या पायांत अडकविलेली सायकल, गाद्यांच्या वळकट्या, एका बाजूस दोरीनें आवळलेलें लोखंडी कपाट, आणि या साऱ्या संसाराच्या शिखरावर कपाटास धरून उभा असलेला एक हमाल. सरकारी नोकरांच्या बदल्या साधारणपणें एप्रिल-मे महिन्यांतच व्हाव्यात असा या राज्यांत २००५ चा कायदा आहे; त्यांत परभणी पडली जिल्ह्याचें ठाणें, रेल्वेचें जंक्शन, आणि १९७२ पासून कृषि विद्यापीठाचें गांव. तेव्हां येणारे व जाणारे दोन्ही पुष्कळ. मुलांच्या शाळेच्या दृष्टीनें हा काळ सोयीचा खरा; परंतु ऊन बेचाळीस अंशांवर गेलेलें असतांना जिन्यावरून कपाट उतरविणाऱ्या मनुष्यास याहून गैरसोयीचा काळ पंचांगांत सांपडणार नाहीं. "जगांत जर्मनी, भारतांत परभणी" असें आपण अभिमानानें म्हणतों. त्या परभणींत आपलें सामान वाहणाऱ्याची काय व्यवस्था आहे, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

या विषयावर लिहिण्याचा प्रस्तुत लेखकास अधिकार आला तो एका लाजिरवाण्या प्रसंगानें. कांहीं वर्षांपूर्वीं मी ज्या संस्थेंत होतों तेथील ग्रंथसंग्रह जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून नव्या जागीं न्यावयाचा होता, व देखरेख मजकडे होती. अड्ड्यावरून चार हमाल आणले. मजुरी खेपेवर ठरविली, तीही घासाघीस करून. पुस्तकें काढून पुन्हा लावण्याचा त्रास नको म्हणून तीन कपाटें भरलेलींच उचलावीं असें मींच सांगितलें. त्यांतील वयानें वडील असा एक हमाल म्हणाला, "सर, खालचे दोन कप्पे तरी मोकळे करून द्या." टेंपो संध्याकाळपर्यंतच आहे, असें उत्तर मीं दिलें. दुसरें कपाट जिन्याच्या वळणावर आलें, आंतील पुस्तकें एका अंगास सरकलीं, त्याबरोबर तोल गेला, आणि खालच्या बाजूस असलेल्या तरुणाच्या पावलावर कपाटाचा कोपरा बसला. पायांत रबरी चप्पल होती. दोन बोटें गेलीं.

पहिल्या मलमपट्टीचे पैसे मीं दिले. अहवालांत मात्र "हमालानें नीट न धरल्यामुळें" असे शब्द लिहिले, आणि ते खरेच आहेत अशी माझी त्या वेळीं समजूत होती. तो तरुण दोन महिने कामास जाऊं शकला नाहीं. अर्थात् दोन महिने त्याच्या घरीं मजुरी आली नाहीं. त्याचा मालक कोण? टेंपोवाला म्हणे, मी भाड्याचा. संस्था म्हणे, हीं रोजाचीं माणसें. अड्डा तर रस्त्याचा एक कोपरा. तो काय म्हणणार?

पुढें एकदां आठवीच्या वर्गास तरफ शिकवितांना सहज उदाहरण म्हणून हा हिशेब फळ्यावर मांडला. एक फूट लांबीची पुस्तकांची रांग साधारण सहा किलो भरते. तीन फुटांचे पांच कप्पे म्हणजे नव्वद किलो. कपाट स्वतः सत्तर-ऐंशी. बेरीज १६० ते १७०. आपल्या जिनिंगमधून निघणारी कापसाची गांठ १७० किलोंची असते. ती गांठ हातांवर घेऊन जिना उतरा, असें मोंढ्यांतील कोणताही व्यापारी म्हणणार नाहीं. मीं तें सांगितलें, कारण मला कपाट दिसत होतें, वजन दिसत नव्हतें. अहवालांतील तें वाक्य बदलून घेण्यास मात्र मी गेलों नाहीं. तें अद्याप त्या दप्तरांत असेल.

तरफेचा धडा येथेंच संपत नाहीं. वांकून व हात लांब करून वजन उचललें म्हणजे कमरेचा कणा हा टेकू होतो. त्या टेकूच्या मागें अवघ्या पांच सेंटीमीटरांच्या सुमारास पाठीचे स्नायु ओढ घेतात, आणि पुढें ओझें असतें पन्नास सेंटीमीटरांवर. म्हणजे वीस किलोंच्या पेटीसाठीं स्नायूंस दोनशें किलोंची ओढ द्यावी लागते (वांकलेल्या शरीराचें वजन निराळेंच), आणि तो दाब मणक्यांमधील मऊ चकतीवर पडतो. तीच पेटी अंगाशीं धरून अंतर पंचविसांवर आणलें तर ओढ निम्मी होते. गुडघ्यांत वांकावें, ओझें छातीशीं घ्यावें, वळतांना कंबर न पिळतां पाय फिरवावे, असें जाणता हमाल नवशिक्यास सांगतो त्याचें शास्त्र एवढेंच आहे. अमेरिकेंतील व्यवसाय-आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनें १९९१ सालीं सुधारलेल्या सूत्रांत सर्व परिस्थिति अनुकूल असतांही हातांनीं उचलावयाच्या वजनाची मर्यादा २३ किलो धरली आहे. अंतर वाढलें, वळावें लागलें, वारंवार उचलावें लागलें कीं ती आणखी उतरते.

"त्यांना सवय असते," असें आपण फार सहज म्हणतों. सवयीनें स्नायु बळकट होतील. पांच सेंटीमीटरांचे दहा होणार नाहींत. हल्लीं मोठ्या शहरांतील सामान हलविणाऱ्या कंपन्यांचीं कांहीं माणसें कमरेस रुंद पट्टा आवळून येतात व तो पाहून गृहस्थास धीर येतो. परंतु निरोगी कामगाराची इजा अशा पट्ट्यानें टळते याला पुरावा नाहीं, असें त्याच अमेरिकन संस्थेनें १९९४ सालीं सांगितलें आहे. खरा उपयोग चाकांच्या फळीचा, दोघांनीं खांद्यांवरून घ्यावयाच्या पट्ट्यांचा, पुढें टणक असलेल्या बुटांचा, आणि कपाट रिकामें करण्याचा. या शेवटच्या उपायास तर पैसाही लागत नाहीं.

पोतें वाहणाऱ्या हमालानें आपले हक्क झगडून मिळविले, ही गोष्ट मुलांनीं जाणून घ्यावी. मुंबईंत अण्णासाहेब पाटील यांनीं माथाडींची संघटना बांधली, पुण्यांत डॉ. बाबा आढाव यांनीं हमाल पंचायत उभी केली, आणि पाठीवरचें शंभर किलोंचें पोतें पन्नासांवर आणावें असा आग्रह धरला. १९६९ सालीं महाराष्ट्रानें माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीं स्वतंत्र कायदा केला. सकाळीं एकाच्या दुकानीं व दुपारीं दुसऱ्याच्या, असा ज्याला एक धनी नाहीं त्याच्यासाठीं मंडळ नेमावयाचें. व्यापाऱ्यानें मजुरी व तिजवर ठराविक लेव्ही त्या मंडळांत भरावयाची. आणि त्यांतून त्याचा भविष्यनिर्वाह निधि, त्याचें औषधपाणी चालावयाचें, अशी ही मोठी शहाणपणाची योजना आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें १९६७ सालीं ओझ्यासंबंधीं करार केला व सोबतच्या शिफारशींत प्रौढ पुरुषासाठीं ५५ किलोंची मर्यादा सुचविली. भारतानें तो करार २०१० सालीं मान्य केला. परंतु हें सारें बाजार, गोदाम व धक्का यांच्या भोंवतीं उभें राहिलें. घर बदलणारा गृहस्थ हा तीन-चार वर्षांतून एका दिवसाचा धनी. त्याची नोंद कोणत्या वहींत होणार?

म्हणून माझें स्पष्ट मत असें आहे कीं, त्या एका दिवसापुरतें धनीपण आपण आपण होऊन पत्करावें. मजुरी खेपेवर न ठरवितां दिवसावर ठरवावी. खेपेची मजुरी म्हणजे धांवण्यास लावलेली पैज होय. ऊन चढण्यापूर्वीं जड सामान हलवावें. कपाट, पेटी, पिंप आदल्या रात्रीं रिकामें करावें. पाणी पाजावें, हें परभणींत कोणास सांगावयास नको. आणि इजा झालीच तर ती आपल्या कामावर झाली आहे असें धरून औषधाबरोबर बुडालेल्या रोजाचाही विचार करावा. कोणी म्हणेल, बदलीच्या खर्चानें आधींच कंबर मोडते. खरें आहे, परंतु माझ्या त्या प्रसंगीं वाचत होतें तें काय? टेंपोचें अर्ध्या दिवसाचें जादा भाडें आणि दोन मुलांचे दोन तास.

आतां मुलांविषयीं. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशीं बाकें हलविण्यावरून कांहीं पालकांनीं तक्रार केली कीं हें आमच्या मुलांचें काम नव्हे. या तक्रारीशीं मी सहमत नाहीं. ज्यानें कधीं बाक उचललें नाहीं त्यास दुसऱ्याच्या ओझ्याची कल्पना येणार कशी? मात्र एका बाकास दोघेजण, पायांत बूट, जिन्यावर एका वेळीं एकच बाक, आणि कपाटास वा लोखंडी मेजास मुलांनीं हात लावावयाचा नाहीं, एवढें शिक्षकानें जातीनें उभें राहून पाहिलें पाहिजे. गेल्या संमेलनांत असें केलें. तास दीड तास अधिक लागला व नाटकाची रंगीत तालीम लांबली, त्याबद्दल नाटकवाल्यांचा माझ्यावर रोष आहे तो आहेच.

शाळेच्या कार्यालयांत चाकांची एक फळी व रुंद पट्ट्यांची एक जोडी या वर्षीं आणून ठेविली आहे. येत्या उन्हाळ्यांत ज्या पालकांस घर बदलावयाचें असेल त्यांनीं शिपायाकडील वहींत नांव लिहून ती खुशाल न्यावी. पट्टे कसे घ्यावयाचे तें आठवीचीं मुलें दाखवितील. फळी भिजूं देऊं नये व दोन दिवसांत परत आणावी, कारण मे महिन्यांत मागणी पुष्कळ असणार.