सीएनसी राउटर घरी बनतो, पण काटकोन डाऊनलोड होत नाही

इन्स्टावर एक रील तुम्ही नक्की पाहिलं असेल. कोणीतरी गॅरेजमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे चार प्रोफाइल जोडतं, तीन-चार मोटर लावतं, लॅपटॉपवर एक बटण दाबतं आणि प्लायवूडमधून नक्षीदार जाळी कापून बाहेर येते. तीस सेकंदांत काम खल्लास. तसंच रील बघून मीही दिघीत आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सीएनसी राउटर बनवला. खर्च साधारण एका स्कूटरएवढा झाला, वेळ सहा महिने गेला. मशीन पहिल्याच दिवशी चाललं. अचूक चालायला मात्र पुढचे चार महिने लागले.

ते चार महिने कुठे गेले, हे आज सांगायचंय. कारण गेल्या वर्षभरात आपल्याच पिंपरी-चिंचवड पट्ट्यातून ज्या बातम्या आल्या, त्यांचा माझ्या गच्चीवरच्या भानगडीशी थेट संबंध आहे.

आधी थोडक्यात: सीएनसी राउटर म्हणजे काय?

वाय-फायचा राउटर नाही हं! लाकूड, एमडीएफ, अ‍ॅक्रिलिक कापणारी वेगाने फिरणारी मोटर म्हणजे स्पिंडल. ती एका आडव्या पुलावर बसवलेली असते, त्याला गॅन्ट्री म्हणतात. गॅन्ट्री पुढे-मागे जाते, स्पिंडल तिच्यावर डावी-उजवीकडे सरकतो आणि वर-खाली होतो. कुठे, किती, कोणत्या वेगाने जायचं हे जी-कोड नावाच्या साध्या ओळींमध्ये लिहिलेलं असतं.

यातला सॉफ्टवेअरचा भाग आज फुकट मिळतो. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूडने २००९ मध्ये सुरू केलेलं जीआरबीएल हे ओपन सोर्स फर्मवेअर आर्डुइनो उनोवर चालतं. त्या चिपची मेमरी फक्त ३२ केबी, म्हणजे तुमच्या फोनमधल्या एका फोटोच्या शंभराव्या हिश्शाएवढी. तेवढ्यात ते तीन अक्ष एकाच वेळी हलवतं. सॉफ्टवेअरवाला म्हणून मला हे बघूनच भारी वाटलं होतं. मोटरच्या एका फेरीला १६०० पावलं, बॉलस्क्रू एका फेरीत ५ मिमी पुढे नेतो, म्हणजे १ मिमीला ३२० पावलं. सेटिंगमध्ये ३२० टाकलं की झालं, असं मला वाटलं.

आठ जाळ्या, एकही बसेना

आमच्या गल्लीतल्या एका सुतारकाकांनी विश्वासाने पहिलं काम दिलं. देवघराच्या आठ जाळ्या. गिऱ्हाइकाची वास्तुशांत चार दिवसांवर होती. मी रात्रभर जागून आठही कापल्या. सकाळी काकांनी एक उचलून फ्रेममध्ये ठेवली. वरचा कोपरा बसला, खालचा बाहेर. दुसरी, तिसरी, सगळ्यांचं तेच. नक्षी सुंदर होती, मापंही बरोबर होती, पण आयताचा समांतरभुज चौकोन झाला होता. काका काही बोलले नाहीत. गेले आणि हाताने जाळ्या करून आले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चूक किती आहे हे मोजायला शाळेतलं पायथागोरस पुरलं. ६०० बाय ८०० मिमीच्या आयताचे दोन्ही कर्ण १००० मिमी यायला हवेत. मी स्पिंडलमध्ये टोकदार बिट लावून चार कोपऱ्यांवर चार ठिपके पाडले आणि पट्टीने मोजले. एक कर्ण १००१.८, दुसरा ९९८.२. फरक ३.६ मिमी. हिशेब केला तर माझी गॅन्ट्री काटकोनात नव्हतीच. तिच्या दोन बाजूंना दोन स्क्रू आहेत, त्यांच्यात ८०० मिमी अंतर. त्यातली एक बाजू दुसरीपेक्षा ३ मिमी पुढे होती.

आता मी काय केलं? जे कोणताही सॉफ्टवेअर इंजिनिअर करेल तेच. पायथनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली. मशीन जितकं तिरकं, तितकं जी-कोड उलट्या दिशेने तिरकं करायचं. पुन्हा ठिपके पाडले आणि कर्ण जुळले! त्या रात्री मी मित्रांना पार्टी दिली.

दोन दिवसांनी पुन्हा कापलं तर पुन्हा तिरकं. या वेळी दुसऱ्या बाजूला.

बग हार्डवेअरमध्ये, पॅच सॉफ्टवेअरमध्ये

शेवटी भोसरीतल्या एका निवृत्त टूलरूम फिटरकाकांना हाताला धरून गच्चीवर आणलं. त्यांनी लॅपटॉपकडे बघितलंसुद्धा नाही. मशीन बंद करायला सांगितलं आणि विचारलं, "शीट ठेवताना हा पूल मागे कसा नेतोस?" मी हाताने ढकलून दाखवला. एका हाताने, एका बाजूने. ते म्हणाले, "मग रोज नवा कोन तूच करतोयस की!"

मोटरांचा वीजपुरवठा बंद असला की त्या गॅन्ट्रीला धरून ठेवत नाहीत. मी ढकललं की एक बाजू थोडी जास्त सरकायची. चालू केल्यावर दोन्ही मोटर आहेत तिथेच घट्ट पकडायच्या. म्हणजे प्रत्येक वेळी मशीनचा कोन वेगळा. माझी स्क्रिप्ट परवाची चूक आज दुरुस्त करत होती. सॉफ्टवेअर चूक झाकू शकतं, पण ती रोज बदलत असेल तर झाकायलाही जमत नाही.

मग काकांनी क्रम लावून दिला. घरी मशीन बनवणाऱ्यांनी हा क्रम सोडू नये.

१. आधी सांगाड्याचा पीळ काढा. चारही कोपऱ्यांतून दोन दोरे तिरके, ताणून बांधा. मध्ये दोन्ही दोरे एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. मग वरचा दोरा खाली घेऊन पुन्हा बघा. मध्ये फट दिसली किंवा एक दोरा दुसऱ्याला दाबत असला, तर सांगाडा पिळलेला आहे.

२. मग दोन्ही बाजूंचे रेल समांतर करा. दोन्ही टोकांना आणि मध्ये अंतर मोजा.

३. मग गॅन्ट्रीचा काटकोन. दोन्ही बाजूंना स्वतंत्र लिमिट स्विच लावा. ईएसपी३२ चिपवर चालणारं फ्लुइडएनसी हे फर्मवेअर सुरुवातीला दोन्ही बाजू आपापल्या स्विचपर्यंत नेतं, म्हणजे दर वेळी कोन तोच येतो. पण स्विच नेमका कुठे बसवायचा, हे कर्ण मोजूनच ठरतं.

४. मग स्पिंडल टेबलाला लंब आहे का ते बघा. स्पिंडलला आडवी पट्टी लावून तिच्या टोकाला डायल गेज बांधा आणि हाताने फिरवा. माझ्याकडे २०० मिमी अंतरात ०.४ मिमी फरक निघाला. स्पिंडलच्या पाटाचे बोल्ट १०० मिमी अंतरावर आहेत, म्हणजे एका बाजूला ०.२ मिमीची शिम हवी. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमी असतो. दोन घड्या, काम झालं.

५. शेवटी मशीनलाच स्वतःचं टेबल तासू द्या. आणि पावलांचा आकडा सगळ्यात शेवटी तपासा. मी नेमकी तिथूनच सुरुवात केली होती.

आता कर्णांतला फरक ०.३ मिमीच्या आत येतो. त्यापेक्षा बारीक मोजायला माझी पट्टीच पुरत नाही.

एक गोष्ट मात्र अजून डोक्यातून जात नाही. मी काकांना विचारलं, "काटकोन तपासायला तुमचा गुण्या वापरला, पण तो गुण्या तरी बरोबर आहे कशावरून?" त्यांनी प्लायच्या सरळ कडेला गुण्या लावून एक रेघ मारली. गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारली. दोन्ही रेघा एकावर एक आल्या. गुण्यात खोट असती तर रेघा फाकल्या असत्या आणि खोट दुप्पट होऊन दिसली असती. महागडं यंत्र नाही, ॲप नाही. अचूकता मोजायची ही बुद्धी.

मग बातम्यांशी याचा संबंध काय?

४ एप्रिल २०२५ ला चीनने सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. जुलैमध्ये बजाज ऑटोच्या राजीव बजाज यांनी उघड सांगितलं, की ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. म्हणजे आकुर्डीत बनणारी चेतक दुसऱ्या देशातल्या एका परवान्यावर अडली. पुढे २६ नोव्हेंबर २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन चुंबक देशात बनवायचं लक्ष्य आहे.

योजना चांगलीच आहे. पण आपण अडकलोय तो फक्त चुंबकात नाही. भोसरी-चाकणच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये जा आणि सीएनसी मशीनचा कंट्रोल पॅनल बघा. बहुतेक वेळा जपानच्या फॅनुकचं किंवा जर्मनीच्या सीमेन्सचं नाव दिसेल. चांगला लिनिअर रेल, चांगला बॉलस्क्रू मागितला की दुकानदार जपानी किंवा तैवानी नावं सांगतो. म्हणजे मशीनला सरळपणा आणि मापातला नेमकेपणा देणारे भागच नेमके बाहेरून येतात. मशीन टूल धरून सगळ्या भांडवली वस्तूंच्या क्षेत्रासाठी जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या केंद्राच्या योजनेचा दुसरा टप्पा होता १,२०७ कोटींचा. दोन्ही योजनांचे हेतू वेगळे आहेत, मान्य. पण आकडे शेजारी ठेवले की कळतं, गाडी थांबल्यावर आपण धावतो; गाडी बनवणारं मशीन कोण बनवतं, हा प्रश्न मागेच राहतो.

जगाला मात्र याची किंमत फार आधी कळलीय. १९८० च्या दशकात जपानच्या तोशिबा मशीन कंपनीने सोव्हिएत युनियनला नऊ अक्षांची मिलिंग मशीन विकली, तिला कंट्रोलर नॉर्वेच्या कोंग्सबर्गचे होते. पाणबुडीचे पंखे त्यावर बारकाईने कापता येतात, म्हणजे पाणबुडीचा आवाज कमी होऊ शकतो, असा अमेरिकेचा आरोप होता. १९८७ मध्ये प्रकरण उघड झालं, तेव्हा अमेरिकी खासदारांनी संसदेसमोर हातोड्यांनी तोशिबाचा टेपरेकॉर्डर फोडला. आजही वासेनार करारात कोणत्या मशीन टूलवर निर्यात नियंत्रण, हे मायक्रॉनच्या मापावर ठरतं. भारत २०१७ मध्ये त्या करारात सामील झाला. अचूकता ही शस्त्रासारखी जपून ठेवायची गोष्ट आहे, हे त्या यादीवरून समजतं.

आपल्या गावात हे एकदा झालंय

टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, पुण्यात १९६६ मध्ये आली. पण पुण्यातून पहिलं व्यावसायिक वाहन बाहेर पडलं १९७७ मध्ये. मधली अकरा वर्षं? सुमंत मुळगावकर यांनी आधी मशीन टूल विभाग, टूलरूम आणि शिकाऊ पोरांचं प्रशिक्षण उभं केलं. आधी मशीन आणि माणसं, मग ट्रक. आज भोसरीत गल्लोगल्ली जे फिटर, टर्नर, डायमेकर भेटतात, त्यांच्या कौशल्याची मुळं अशाच टूलरूममध्ये आहेत. मला क्रम शिकवणारे काकाही तिथल्याच पिढीचे, एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये शिकाऊ म्हणून लागलेले.

ती पिढी आता निवृत्त होतेय. माझ्या वयाची आम्ही पोरं हिंजवडीच्या बसमध्ये बसतो. मीही त्यातलाच, त्यामुळे उपदेश करत नाही. पण चुंबकाचा कारखाना पैशाने उभा राहतो. गुण्या उलटा करून बघायची सवय एका माणसाकडून दुसऱ्याकडेच जाते. सरकारी योजनेत या सवयीसाठी वेगळी ओळ असायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही काय करू शकता?

रील बघून तयार किट घेणार असाल, तर विकणाऱ्याला कापलेल्या नक्षीचा व्हिडिओ मागू नका. मोठ्या आयताचे दोन्ही कर्ण मोजून दाखवायला सांगा. टाळाटाळ केली तर समजून जा. थांबवायचं लाल बटण हाताशी ठेवा आणि एमडीएफची धूळ मास्कशिवाय नाकात घेऊ नका.

शिकायचंच असेल तर शिरूर तालुक्यातलं पाबळ लांब नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या तिथल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब आली. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या (कोथरूडवाल्या नव्हे!) पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते.

आणि आजच रात्री करून बघण्यासारखं काही हवं असेल, तर घरातला एखादा गुण्या किंवा कंपासपेटीतला सेटस्क्वेअर घ्या. एक रेघ, उलटा करा, दुसरी रेघ.

ता. क.: सुतारकाकांनी गेल्या महिन्यात पुन्हा चार जाळ्यांचं काम दिलं. चारही बसल्या. पैसे देताना म्हणाले, "आता मशीन शिकलं." मशीन नाही काका, मी शिकलो.